चाळिशीनंतर दातांना तारा लावाव्यात का?

श्रोतेहो, नमस्कार.

'मॅडम, आता या वयात तारा लावून मी का करू?' चाळिशी-पन्नाशीतली माणसं हे मला हसत हसत विचारतात, पण उत्तराकडे कान टवकारलेले असतात. मी स्वतः तारा लावत नाही. मी हिरड्यांची डॉक्टर. तारा लावणारे ऑर्थोडॉन्टिस्ट मोठ्या वयाचा पेशंट आला की बऱ्याचदा त्याला आधी आमच्याकडे पाठवतात, आणि तिथंच अनेकांचा हिरमोड होतो. दात सरळ करायला निघालो होतो, आणि ही बाई विचारते ब्रश कसा धरता, शुगर किती आहे, सुपारी-तंबाखूचा खर्रा खाता का! तोंडात आधीच कॅप, ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांना जोडून बसवलेले कृत्रिम दात, काढलेल्या दाढा असा सगळा गुंता असताना तारांचा निर्णय कसा घ्यायचा, त्याबद्दल आज बोलते.

वयाचं आधी उरकून टाकते. नुसतं वय आडवं येत नाही. दात जबड्याच्या हाडाला थेट चिकटलेला नसतो. मुळाभोवती एक तलम पडदा असतो, जेमतेम मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा. तारेनं दाताला हलका रेटा दिला की दाब पडतो त्या बाजूचं हाड पेशी विरघळवतात आणि मागच्या बाजूला नवं हाड घालतात. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, या चालीनं दात सरकतो. बाराव्या वर्षी हे घडतं तसं साठाव्या वर्षीही घडतं, फक्त सुरुवातीला जरा सुस्त. मोठ्यांमध्ये उणीव असते ती वाढीची. मुलांची टाळू रुंद करता येते, जबड्याच्या वाढीचा फायदा घेता येतो. मोठ्या माणसाचा खालचा जबडाच पुढे आलेला असेल तर नुसत्या तारांनी चेहरा पालटत नाही. मग जबड्याची शस्त्रक्रिया करायची, नाहीतर आहे त्या जबड्यावर दात जमतील तितके जुळवून घ्यायचे. आणि वरचे दात हलवले की डोळे अधू होतात हे ज्यांनी ऐकलंय, त्यांनी निश्चिंत असावं. तसं काही होत नाही.

आता गुंत्याकडे येऊ. समजा, कामठीहून एक शिक्षिका आल्या आहेत. वय सेहेचाळीस. वरच्या पुढच्या दोन दातांत फट पडली आहे आणि ती वाढते आहे. खालची एक दाढ फार वर्षांपूर्वी काढली, तिच्या जागी काही बसवलं नाही. त्यामुळे मागची दाढ त्या रिकाम्या जागेत कलंडली आणि वरची दाढ खाली उतरली. उजवीकडे तीन दातांचा ब्रिज, डावीकडे रूट कॅनाल करून कॅप. शुगर आहे. ब्रश करताना रक्त येतं, 'पण ते तर नेहमीचंच.' मुलीचं लग्न ठरतंय, आणि बाईंना हवं आहे एवढंच की फट बुजावी.

मी बाईंना पहिल्यांदा विचारीन, ही फट तरुणपणी होती का? जन्मापासूनची फट वेगळी आणि चाळिशीत पडलेली वेगळी. चाळिशीत पडलेल्या फटीमागे बहुतेक वेळा पायोरिया असतो. हिरड्यांच्या सुजेनं मुळाभोवतीचं हाड झिजतं, दाताचा आधार जातो आणि पुढचे दात ओठाकडे पसरायला लागतात. अशा सुजलेल्या हिरडीत दात हलवला तर उरलेलं हाड आणखी झपाट्यानं जातं. फट बुजेल, पण दातच हलायला लागेल. म्हणून आम्ही बारीक खुणा असलेली सळई हिरडीच्या कडेनं आत घालून खोली मोजतो. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. त्यापुढे, आणि त्यात रक्त येत असेल, तर आत मुळापर्यंत सफाई करावी लागते, कधी हिरडीची छोटी शस्त्रक्रिया. मग थांबायचं. आजार जास्त असेल तर तीन ते सहा महिने. पुन्हा मोजायचं, रक्त थांबलंय का बघायचं, आणि मगच तारांचं नाव काढायचं.

हे थांबणं लोकांना सगळ्यात जड जातं. लग्नाची तारीख पुढे असते ना! पण मला विचाराल तर या काही महिन्यांतच सगळा निकाल लागतो. रोज रात्री दातांच्या फटींतून बारीक ब्रश फिरवणं ज्यांना या काळात जमलं, त्यांच्या तारा नीट पार पडतात. ज्यांना जमलं नाही, त्यांनी तारा लावू नयेत असं मी स्पष्ट सांगते. तारा लागल्यावर साफ करणं दुप्पट कठीण होतं, सोपं नाही. हाड कमी झालेलं असलं तरी हिरडी निरोगी असेल तर दात हलवता येतात. रेटा मात्र नेहमीपेक्षा हलका ठेवावा लागतो, आणि दर तीन महिन्यांनी आमच्याकडे सफाईला यावं लागतं, तारा असेपर्यंत.

शुगरचं तसंच. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी सातच्या आसपास असली की आम्हाला धीर येतो. ती दहा असेल तर आधी शुगरच्या डॉक्टरांकडे. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल अलेंड्रोनेटच्या गोळ्या किंवा झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन घेतलं असेल, वर्षातून एकदाच का असेना, तर ते आधी सांगा. ही औषधं हाडाची झीज थांबवतात, आणि दात सरकायला थोडी झीज लागतेच. शिवाय अशा पेशंटचा दात काढला तर जबड्याची जखम भरायला त्रास होऊ शकतो. आणखी एक छोटी गोष्ट: तारा घट्ट केल्यावर दुखतं तेव्हा पॅरासिटामॉल घ्यावी. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रोज घेत राहिलं तर दात सरकणं मंदावतं.

आता खर्रा. नागपुरात बसून दातांवर बोलायचं आणि खर्ऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे काही मला जमणार नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून गालात धरला की सुपारीमुळे गालाची आतली त्वचा हळूहळू ताठ होत जाते. तोंड उघडेनासं होतं. घरी बघायचं असेल तर आपलीच तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघा. तीन जात नसतील, दोनच जात असतील, तर तारांचा विषय बाजूला ठेवा. मागच्या दाढेपर्यंत हातच पोचत नाही हे तर झालंच, पण ही अवस्था कॅन्सरकडे जाऊ शकते. तिखट लागलं की झोंबणं, पांढरे चट्टे, न भरणारा छाला, हे आधी तपासायचं. खर्रा सोडलेला नसताना तारा लावायला मी तरी होकार देत नाही. गावाकडच्या पेशंटचा आणखी एक प्रश्न असतो. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि लहानपणी ते पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर तपकिरी डाग असतात. अशा दातांवर तारांचे चौकोनी ब्रॅकेट नीट चिकटत नाहीत, वरचेवर निघतात. उपाय आहे, दाताचा पृष्ठभाग आधी थोडा तयार करून घेतात. डॉक्टरांना पहिल्याच दिवशी माहीत असलं की पुढचा मनस्ताप वाचतो.

कामठीच्या बाईंची हिरडी बरी झाली, शुगर आटोक्यात आली असं धरू. आता ठरवायचं की करायचं किती. बहुतेकांना वाटतं की तारा म्हणजे बत्तीसच्या बत्तीस दात रांगेत. मोठ्या माणसाच्या तोंडात तसं असायलाच हवं असं नाही. पुढचे सहा दात जवळ आणले आणि कलंडलेली दाढ सरळ उभी केली, की फट बुजते आणि दाढेच्या जागी नवा दात बसवायला जागा होते. इतकंच करून थांबणं हा पूर्ण उपचार आहे, अर्धवट नव्हे. मुलांमध्ये जागा करायला चार चांगले दात काढायची रीत आहे. मोठ्यांमध्ये मी ऑर्थोडॉन्टिस्टना नेहमी विचारते, आधीच सडलेला, मूळ खराब झालेला एखादा दात आहे का? जागा हवीच असेल तर तोच काढू. रूट कॅनाल केलेला दात हलतो का, हे विचारणारे पुष्कळ असतात. हलतो. मुळाच्या टोकाला पू नसावा, एवढंच. ब्रिज मात्र तोडावा लागतो, कारण एकमेकांना जोडलेले दात वेगवेगळे हलवता येत नाहीत.

इम्प्लांटचं, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेल्या दाताचं, उलट आहे. स्क्रू हाडात पक्का झाला की तो सिमेंटात गाडलेल्या खांबासारखा, तसूभर सरकत नाही, कारण त्याच्याभोवती तो पडदाच नसतो. म्हणून आधी तारा, मग इम्प्लांट. घाईनं चुकीच्या जागी इम्प्लांट बसवून नंतर तारांची चौकशी करणारे लोक येतात, तेव्हा काय सांगावं कळत नाही. आणि जुन्या काढलेल्या दाढेच्या जागी हाड बारीक झालेलं असतं, तिथे शेजारचा दात ओढून आणणं दिसतं तेवढं सोपं नाही. ती जागा तशीच ठेवून नवा दात बसवणं अनेकदा शहाणपणाचं.

लग्नाच्या घाईत आणखी एक पर्याय पुढे केला जातो: पंधरा दिवसांत सरळ दात. म्हणजे पुढचे सहा-आठ दात घासून बारीक करायचे, त्यातल्या काहींचं रूट कॅनाल करायचं आणि वर पांढऱ्या कॅप बसवायच्या. फोटो झकास येतात. पण घासलेला दात परत येत नाही, कॅप आयुष्यभर टिकत नाहीत, आणि पायोरिया असलेल्या दातांवर कॅप चढवल्या तर हिरडी खाली सरकून कॅपची कड उघडी पडते. दात किडलेले, तुटलेले असतील तर कॅप जरूर लावा. पण धडधाकट दात वाकडा आहे म्हणून घासून टाकायचा, याला माझा विरोध आहे आणि राहील.

तोटेही ऐकून ठेवा. दात सरकताना मुळाचं टोक थोडं झिजतं, बहुतेकांचं एक-दोन मिलिमीटर. मुळं आधीच आखूड असतील तर मध्ये एक्स-रे काढून बघावं लागतं. हाड झिजलेल्या पुढच्या दातांची फट बुजली की हिरडीजवळ छोटी काळी त्रिकोणी जागा दिसू शकते. ती दिसेल हे आधी सांगितलं नाही तर पेशंट म्हणतो, डॉक्टरनं बिघडवलं. वेळ साधारण दीड-दोन वर्षं, गुंता जास्त असेल तर त्याहून जास्त. खर्च विचारताना नुसत्या तारांचा विचारू नका. हिरड्यांचा उपचार, नवा ब्रिज किंवा इम्प्लांट, शेवटी दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर, सगळं एका कागदावर मागा.

जायचं कुठे? ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीची पदव्युत्तर पदवी, केलेले डॉक्टर आहेत का, हे निःसंकोच विचारा. नागपुरात मेडिकल चौकातल्या १९६८ साली सुरू झालेल्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्या, तारा, कृत्रिम दात, शस्त्रक्रिया असे सगळे विभाग एकाच आवारात आहेत, आणि गुंत्याच्या केसला त्याचा फार उपयोग होतो. हिंगणा रोडवर आणि वर्ध्याजवळ सावंगीलाही दंत महाविद्यालयं आहेत. महाविद्यालयात गर्दी असते, सकाळ मोडते. तिथलं एमडीएस तीन वर्षांचं असतं, त्यामुळे तुमचे डॉक्टर मध्येच पास होऊन जाऊ शकतात. केस नव्या विद्यार्थ्याकडे जाते, काम थांबत नाही, पण सुरुवातीलाच त्यांना विचारावं की तुमचं कितवं वर्ष चालू आहे. आणि कुठेही जा, ओपीजी म्हणजे सगळ्या दातांचा एक्स-रे, डोक्याचा बाजूनं घेतलेला एक्स-रे आणि दातांचे साचे घेतल्याशिवाय कुणी तारा लावतो म्हणालं तर उठून या. घरपोच डबा पाठवणाऱ्या पारदर्शक अलाइनरचंही, म्हणजे तारांऐवजी दातांवर चढवायच्या साच्यांचंही, तेच. अलाइनर वाईट नाहीत, काढून दात घासता येतात म्हणून हिरड्यांच्या पेशंटला मला ते आवडतातही. पण दिवसातले बावीस तास घालावे लागतात आणि दर चहाला काढावे लागतात. टपरीवर सहा वेळा चहा घेणाऱ्या माणसाला सरळ तारा बऱ्या. पांढरे सिरॅमिक ब्रॅकेट घेणार असाल तर त्यांच्या रबरी कड्या सावजी रश्शाच्या एका जेवणात पिवळ्या होतात, याची तयारी ठेवा.

तारा निघाल्या की रिटेनर. हाड झिजलेल्या माणसाचे दात मूळ जागी परतायला फार उत्सुक असतात, त्यामुळे मागच्या बाजूनं बारीक तार कायमची चिकटवतात किंवा रात्री घालायचा पारदर्शक रिटेनर देतात. तो वर्षानुवर्षं घालायचा असतो. कागदात गुंडाळून ठेवला तर जेवणाच्या पानाबरोबर कचऱ्यात जातो, म्हणून डबीतच ठेवायचा. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळीसवर असताना बंद कारमध्ये डबी विसरलात तर प्लॅस्टिक वाकतं. मग गरम पाण्यात घालून स्वतः सरळ करत बसू नका. डॉक्टरांना फोन करून नवा करून घ्या, आणि त्याच आठवड्यात घ्या, कारण पुढच्या महिन्यापर्यंत दात हललेले असतात आणि जुन्या साच्यावरचा रिटेनर बसत नाही.

नमस्कार.