एका रेणूचा मॅग्नेट आणि विजेची करामत

नमस्कार श्रोतेहो! आज मॅग्नेटबद्दल बोलूया, पण फ्रिजच्या दाराला असतो तो नाही, एका रेणूएवढा छोटा मॅग्नेट.

१९८० साली पोलंडच्या तादेउश लिस यांनी मँगनीजचे १२ अणू असलेला एक रेणू तयार केला, आणि पुढं १९९३ ला इटलीच्या रॉबर्टा सेसोली, दांते गात्तेस्की आणि त्यांच्या टीमनं दाखवलं की त्यातला एकेक रेणू स्वतःच मॅग्नेट आहे, बाहेरचं मॅग्नेटिक फिल्ड काढलं तरी दिशा धरून बसतो. आतला हिशोब बघा, स्पिन म्हणजे अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या अंगचं छोटंसं चुंबकत्व, आठ अणूंचा स्पिन प्रत्येकी २ एका दिशेला, चार अणूंचा प्रत्येकी दीड बरोबर उलटा, सोळातनं सहा गेले, उरले दहा! फक्त हे सगळं उणे २६९ डिग्रीच्या आसपास. २०१८ मध्ये डिस्प्रोशियम या धातूच्या एका रेणूनं मात्र उणे १९३ पर्यंत मजल मारली, म्हणजे आपल्याकडं गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी लिक्विड नायट्रोजनचा कंटेनर असतो ना, तेवढ्या थंडीत काम भागतं, मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

आता खरी अडचण. एकाच रेणूचा स्पिन फिरवायचाय आणि त्यासाठी मॅग्नेटिक फिल्ड लावलं, तर एका घरची घागर भरायला अख्ख्या पेठेची चावी सोडल्यासारखं होतं, शेजारचे सगळेच रेणू हलतात. विजेचं तसं नाही. बारीक टोकदार सुई रेणूपासनं एक नॅनोमीटरवर आणून नुसता एक व्होल्ट दिला तरी तिथं मीटरला १०० कोटी व्होल्टचं फिल्ड होतं, आणि तेही तेवढ्याच जागेत.

पण स्पिन विजेला थेट दाद देत नाही हो! वीज ढकलते चार्जला, त्यानं इलेक्ट्रॉनचा ढग सरकतो, धातूच्या भोवतीचे अणू किंचित हलतात, आणि स्पिन हा इलेक्ट्रॉनच्या अणुगर्भाभोवती फिरण्याशी बांधलेला असल्यामुळं त्याच्या एनर्जीच्या पायऱ्या वरखाली होतात. म्हणून रेणू जरा वाकडा लागतो, कारण मध्यबिंदूच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असल्या की हा परिणाम पहिल्या झटक्यात कटून जातो. रेणू बनवणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाचं कसब लागतं ते इथंच.

हे नुसतं कागदावर नाही. २०१४ ला फ्रान्समधल्या ग्रनोबलला टर्बियम धातूचा एकच रेणू ट्रान्झिस्टरमध्ये, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या बारीक कळीत, बसवून त्याच्या अणुगर्भाचा स्पिन विजेच्या फिल्डनं फिरवला. आणि २०२१ मधला होल्मियम धातूचा प्रयोग तर मला सगळ्यात आवडतो, टंगस्टन-ऑक्सिजनच्या पिंजऱ्यात बसलेला होल्मियमचा अणू, पिंजरा किंचित वाकडा, आणि स्फटिकात असे रेणू दोन जातीचे, एक सुलट तर दुसरा उलट, बाकी सगळं सेम टू सेम. वीज दिली की एकाची फ्रिक्वेन्सी, म्हणजे ज्या लहरीनं त्याचा स्पिन फिरतो तिची कंपनसंख्या, वर जाते आणि दुसऱ्याची खाली, त्यामुळं पाहिजे त्यालाच फिरवता येतं, दुसऱ्याला हात न लावता.