नवं इंजिन रुळतं तेव्हा

मंडळी, बोलायला लागण्याआधी एक काम उरकून घेतो. टेबलावर रुळांचं हे जे वर्तुळ मांडलंय, त्यावर हे मॉडेल रेल्वेचं छोटं इंजिन ठेवतो. आजच खोक्यातून काढलंय, अजून एक फेरी मारलेली नाही. कंट्रोलरची मूठ पाव फिरवतो... निघालं. आता ते फिरेल आणि मी बोलेन. त्याची किरकिर ऐकू येतेय ना? ती कानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

हे एन गेजचं इंजिन आहे. दोन रुळांमधलं अंतर 9 मिलिमीटर. एन का, तर नऊ या आकड्याचं नाव इंग्रजी, जर्मन, इटालियन अशा अनेक भाषांत याच अक्षराने सुरू होतं. आपलं नऊसुद्धा 'न'चंच, त्यामुळे आपल्याला लक्षात ठेवायला सोपं. युरोप-अमेरिकेत याचं प्रमाण 1:160, ब्रिटनमध्ये 1:148. याहून लहान झेड गेज 1972 साली आलं, त्यात रुळांतलं अंतर 6.5 मिलिमीटर. पण आज एनपुरतंच बोलू.

लहान इंजिन म्हणजे मोठ्याचीच छोटी आवृत्ती, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. कारखाना इंजिन लहान करतो. धूळ लहान करत नाही. माणसाचा एक केस साधारण 0.1 मिलिमीटर जाड धरा. 1:160च्या हिशेबात तो 16 मिलिमीटरचा दोरखंड झाला. खऱ्या इंजिनाच्या चाकात असा दोरखंड अडकला तर काय होईल, याचा विचार करा. म्हणूनच गालिच्यावर रूळ मांडून गाडी चालवणाऱ्यांच्या मला पाया पडावंसं वाटतं.

वजनाचंही असंच. 80 टनांचं इंजिन लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून 160 पटींनी लहान केलं, तर वजन जवळपास 41 लाख पटींनी उतरतं. राहतात अवघे 20 ग्रॅम. एवढ्या हलक्या इंजिनाची चाकं रुळाला नीट चिकटणार नाहीत, डबे ओढणं तर लांबच. त्यात वीज येते रुळांतून आणि चाकांतून, म्हणजे चाक दाबून बसलं तरच वीज मिळणार. म्हणून आत धातूची जड चासी, म्हणजे सांगाडा, भरतात. इंजिन घेताना मी आधी तळहातावर ठेवून बघतो. रंग, पाटी, बारीक नळ्या हे सगळं नंतर.

दुसरं बघतो ते पोटाखाली. वीज किती चाकांतून घेतली आहे? सहा चाकांचं आखूड इंजिन दिसायला गोड असतं, माझंही मन त्यावरच जातं. पण ओढ वाढवण्यासाठी त्यातल्या दोन चाकांना रबरी कडी चढवलेली असली, तर ती दोन चाकं विजेच्या कामातून गेली. रबरातून वीज कुठली जायला? उरली चार. आता सांध्यावर, जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, तिथे पुष्कळदा प्लास्टिकचा तुकडा असतो. नेमकं तिथे हळू जाताना इंजिन थबकतं आणि मग बोटाने ढकलावं लागतं. पहिलंच इंजिन घेणाऱ्याला मी सांगतो: आठ चाकांचं, सगळ्या चाकांतून वीज घेणारं डिझेल इंजिनाचं मॉडेल घ्या. वाफेच्या इंजिनाची हौस दुसऱ्या खेपेला.

वापरलेलं इंजिन घेणार असाल तर चालवून घ्या, आणि डोळ्यांपेक्षा कानांनी घ्या. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा 'टक्' असा आवाज येत असेल, तर चाकांच्या आसावरच्या प्लास्टिक गिअरला बहुधा चीर गेलेली असते. हे दुरुस्त होतं. चासी फुगून तिला भेगा पडल्या असतील, तर मात्र सोडून द्या. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहिली की तो वर्षानुवर्षं आतून फुगत जातो आणि शेवटी भुगा होतो. त्याला औषध नाही.

आता रुळवण्याकडे येतो. आपल्या भाषेची गंमत बघा, रूळ आणि रुळणं! नवं इंजिन का रुळवायचं? साध्या मोटरीत दोन कार्बनचे ब्रश फिरत्या तांब्याच्या कम्युटेटरवर, म्हणजे मोटरीच्या आत वीज पोचवणाऱ्या कड्यावर, घासत असतात. कम्युटेटर गोल आणि नव्या ब्रशाचं टोक अजून त्या गोलाईचं झालेलं नसतं. त्यामुळे ते थोड्याच जागी टेकतं, ठिणग्या उडतात, चाल अडखळती होते. घासून घासून टोकाला गोलाई आली की सगळं अंग टेकतं. गिअरच्या दात्यांवरही साच्याची बारीक कुसळं असतात, आणि खोक्यात पडून घट्ट झालेलं ग्रीस एकाच जागी साचलेलं असतं. हे सगळं जागेवर यायला वेळ द्यावा लागतो. वेग वाढवून तो वेळ वाचत नाही.

रीत साधी आहे. मागे डबे नकोत. वळण जितकं मोठं तितकं बरं. पहिली काही मिनिटं पाव वेग, मग मध्यम. एका दिशेने अर्धा तास, उलट्या दिशेने अर्धा तास. पूर्ण वेग कधीच नाही. मध्ये थांबवून बोट लावायचं. कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर बंद. मग इंजिनच उचलून तोंड फिरवून ठेवायचं, नाहीतर वर्तुळावर एकाच बाजूची चाकं सतत बाहेरच्या रुळावर राहतात. डीसीसी डिकोडर, म्हणजे रुळांतून आलेले डिजिटल हुकूम वाचून इंजिन चालवणारी छोटी चिप, बसवायचा असेल तर तो यानंतर. आधी साध्या डीसीवर, म्हणजे असल्या मुठीच्या कंट्रोलरवर, मोटर धड आहे याची खात्री करा, म्हणजे पुढे काही बिघडलं तर दोष कुठे शोधायचा ते कळतं. आणि मोटर कोअरलेस असेल, तर विजेचे धक्के देत वेग राखणारे जुने कंट्रोलर तिला लावू नका. आत लोखंडी गाभा नसल्यामुळे ती पटकन तापते. सोबतचा कागद वाचाच. काही उत्पादक रुळवायची गरज नाही असंही लिहितात. मी तरी अर्धा तास फिरवतोच, सवय म्हणा.

तेलाबद्दल माझंच पाप सांगतो. माझं पहिलं इंजिन कुरकुरत होतं म्हणून मी त्यात बाटलीतून थेट तेल सोडलं. दोन थेंबच. पण धूळ लहान होत नाही तसा थेंबही लहान होत नाही! तेल कम्युटेटरवर गेलं, कार्बनच्या भुकटीत मिसळून त्याचा चिखल झाला आणि इंजिन बसलं ते बसलंच. आता मी सुईच्या टोकावर मावेल एवढंच, प्लास्टिकला चालणारं तेल आसाच्या टोकाला टेकवतो. कुरकुरलं तरी आधी अर्धा तास फिरू देतो, मगच बाटलीकडे हात.

चला, पहिला अर्धा तास झाला. थांबवतो. बोट लावून बघतो... कोमट आहे. हे बघा, चाकांवर काळी रेघ उमटलीय. कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ती पुसून टाकतो. आता मूठ उलटी फिरवतो. ऐका. मघाची किरकिर गेली म्हणाल तर थांबा, ती गेली फक्त पुढच्या चालीतली. उलट चालीत दात्यांची दुसरी बाजू घासते. ऐकलंत? पुन्हा तशीच कुरकुर. अजून अर्धा तास आहे. तेवढ्यात तुमचे प्रश्न घेऊ.