निशाची बाजू

(दृश्य: तालमीचा हॉल. आरशांसमोर पाय मोकळे करणारे नर्तक.)

१९९७ची दिवाळी. यश चोप्रांचा 'दिल तो पागल है' लागला आणि हिंदी सिनेमातला प्रेमाचा त्रिकोण दिवाणखान्यातून उठून थेट तालमीच्या हॉलमध्ये आला.

राहुल संगीत-नृत्याचे शो बसवतो. निशा त्याची मुख्य नर्तिका आणि जिवाभावाची मैत्रीणही. नव्या शोचं नाव 'माया'. निशाच्या पायाला दुखापत होते, तालमी अडतात आणि मायाच्या भूमिकेत पूजा येते. निशाची भूमिका जाते. ज्याच्यावर तिचं प्रेम आहे, तो राहुलही हळूहळू पूजाकडे ओढला जातो. यातलं जास्त काय लागलं असेल? ग्रुपमध्ये नाचलेल्या कुणालाही विचारून बघा, चटकन उत्तर मिळणार नाही.

पूजा म्हणजे माधुरी दीक्षित. लहानपणापासून कथकमध्ये घोटलेली. निशा म्हणजे करिश्मा कपूर. तिच्या वाट्याला आला श्यामक दावर यांचा जॅझ. हिंदी सिनेमासाठी नृत्यं बसवण्याची श्यामक यांची ही पहिलीच वेळ. आवाजांची वाटणीही बघा: माधुरीसाठी लतादीदी, तर करिश्माच्या 'ले गई'ला आशाताई. त्याच गाण्यात मागे नाचणाऱ्या पोरांत शाहिद कपूर आहे. तेव्हा तो श्यामक यांच्या ग्रुपमध्ये होता.

(दृश्य: दोघी समोरासमोर.)

आता हा प्रसंग. 'डान्स ऑफ एन्व्ही'. गाण्याचे शब्द नाहीत, नुसता ताल. निशा अंग झोकून देते, प्रत्येक ठोका जणू कुणाच्या तरी तोंडावर मारावा तसा. पूजा उत्तर देते, पण तिच्या हातांतलं कथक काही लपत नाही. हेवा, राग, आणि 'तू चांगली नाचतेस' ही नाइलाजाची कबुली, सगळं एकाच वेळी. संवादात हे लिहायला गेले असते तर भांडण झालं असतं. माझ्या मते अख्ख्या सिनेमात या दोघींचं नातं इथेच खरं वाटतं.

निशाची भूमिका आधी अनेक नायिकांनी नाकारली होती. माधुरीसमोर दुय्यम कोण होणार? करिश्माने ती घेतली आणि सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. नृत्यदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार श्यामक यांना.

शेवट मात्र मला आजही खटकतो. अक्षय कुमारचा अजय, म्हणजे पूजाचा ठरलेला नवरा, तिला राहुलसाठी मोकळी करतो. इथवर ठीक. पण लगोलग तोच निशाशी गोड बोलायला लागतो! उरलेल्या दोघांची गाठ मारून दिली की प्रेक्षक निर्धास्त घरी, असा सरळ हिशेब. राहुल-पूजाचं जुळलं, त्याच ग्रुपमध्ये निशा दुसऱ्या दिवशी तालमीला आली का, आणि आली तर पूजाशेजारी उभी राहिली का, हे कुणी विचारलंच नाही.