आधी एक फोन

सकाळचे साडेआठ. पहिल्या एसटीनं उतरलेली ही माणसं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पायरीवर टेकलीत. डोंगरी भागात साधारण वीस हजार लोकांमागे असं एक केंद्र असतं. केसपेपर, तपासणी, गोळ्या, १५ ऑगस्ट २०२३ पासून कशालाच पैसे नाहीत. ताप असो, बीपी असो, पहिला दरवाजा हाच. इथं कुणी विम्याचं विचारत नाही.

विचारतात ते पुढं.

या आजींची पिशवी बघा. दुधाची, धुऊन वाळवलेली. आत आधार आणि घडीवर फाटलेलं केशरी रेशनकार्ड. डॉक्टरांनी छातीवर स्टेथोस्कोप जरा जास्तच वेळ धरला आणि चिठ्ठी दिली, हृदयासाठी मोठ्या दवाखान्यात जा.

मोठा म्हणजे कुठला? गावात सांगतात, सरकारच्या मोफत उपचाराच्या योजनेची पाटी बघायची आणि जायचं. नुसत्या पाटीवर भागत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दवाखाना ठरावीक विभागांसाठी जोडलेला असतो. हाडांसाठी असेल, हृदयासाठी नसेल. म्हणून नातू अंगणातूनच योजनेचा फोन नंबर, १५५३८८ लावतो. जिल्ह्यात कुठं? हृदयाचा विभाग योजनेत आहे ना? कागद काय काय आणू?

हे मोठ्या दवाखान्यातलं आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं टेबल. २०१२ साली आठ जिल्ह्यांत योजना सुरू झाली तेव्हा पिवळं नाहीतर केशरी कार्ड लागायचं, आता कुठल्याही रंगाचं चालतं. पण नाव जुळायला हवं. आजींच्या रेशनकार्डावर नावापुढं 'बाई' आहे, आधारवर नाही. तेवढ्यात अर्धा तास गेला. मग डॉक्टरांचे रिपोर्ट संगणकावर चढतात, पूर्वमंजुरी मागितली जाते. ती आली की यादीतल्या उपचाराला घरातून पैसा नाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. नुसती ओपीडी मात्र यात बसत नाही, भरती व्हावं लागतं. जीवावरचं दुखणं असेल तर फोनवरून मंजुरी घेतात, कागद नंतर.

न विचारता भरती झालेली घरंही आम्हाला भेटली. एका घरानं दुभती म्हैस विकली.

आजींचा अंगठा मशीनवर उठत नाही. भांगलणीनं रेषा झिजल्यात. पदराला पुसून पुन्हा लावतात. तिसऱ्यांदा उठला.