रागाचं नाव श्रोत्याला कळलं पाहिजे

(एका संगीत मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मैफलीला नेमानं येणारे कितीतरी लोक मला सांगतात, "आम्हाला त्यातलं काही कळत नाही हो, नुसतं ऐकायला आवडतं." मला आज त्यांच्याशी बोलायचं आहे आणि कार्यक्रम ठरवणाऱ्यांशीही.

'कळत नाही' म्हणणाऱ्या मराठी माणसाच्या कानात चार-पाच राग आधीच मुरलेले असतात. 'संगीत स्वयंवर' हे नाटक १९१६ साली रंगभूमीवर आलं. त्याला चाली दिल्या भास्करबुवा बखले यांनी, म्हणजे अव्वल दर्जाच्या ख्यालगायकानं. त्यातलं 'नाथ हा माझा' गुणगुणता तेव्हा तुम्ही यमन गुणगुणत असता. 'मम आत्मा गमला' हा बिहाग, 'सुजन कसा मन चोरी' हा भूप. राग घरात आलेला आहे, त्याचं नाव तेवढं कुणी सांगितलेलं नाही. सूर कानात ताजा असताना नाव कळलं की ते कायमचं चिकटतं. श्रोत्याचं शिक्षण इथूनच सुरू होतं असं माझं ठाम मत आहे.

ही नाव सांगण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहरजान यांचं ध्वनिमुद्रण झालं. गाणं संपताना त्या स्वतःचं नाव सांगतात, तेही इंग्रजीत. कारण व्यावहारिक होतं: तबकड्या बनायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला आणि तिथल्या लोकांना गाणारी व्यक्ती कोण हे समजायला हवं होतं. पुढे तबकडीच्या गोल लेबलवर कलाकाराबरोबर रागाचं नावही छापलं जाऊ लागलं. तीन-साडेतीन मिनिटांची ती तबकडी. पण घरातलं पोर तीच पुन्हा पुन्हा लावायचं आणि राग त्याच्या अंगवळणी पडायचा.

मग आकाशवाणी. १९५२ साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. निवेदक गाण्याआधी कलाकार, राग, ताल, साथीदार सांगायचे आणि गाणं संपल्यावर पुन्हा सांगायचे. मला त्या दुसऱ्या वेळेचं मोल जास्त वाटतं. मधूनच रेडिओ लावणाऱ्यालाही, आपण इतका वेळ काय ऐकलं, ते कळायचं.

पुस्तकंही आहेतच. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे पेशानं वकील. त्यांनी हिंदुस्तानी संगीतपद्धतीवरचे चार भाग मराठीत लिहिले, तेही गुरु-शिष्याच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात. आपल्या भाषेत एवढी मोठी ठेव आहे, याचा मला अभिमान वाटतो. फक्त एक विनंती: आधी राग ऐका, मग त्यांचं पान उघडा. कान रिकामा असेल तर वादी-संवादी, म्हणजे रागातला सगळ्यात महत्त्वाचा स्वर आणि त्याच्या खालोखालचा, हे नुसते शब्दच राहतात.

म्हणजे काय, ते भूप आणि देशकारावरून बघू. दोन्हींत स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. मध्यम (म) नाही, निषाद (नी) नाही. कागदावर दोघांत फरक करणं अवघड वाटेल. भूपात गायक पुन्हा पुन्हा गंधारावर (ग) येऊन विसावतो, खालच्या बाजूला रमतो. तो रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग. देशकार सकाळचा. त्याचा ओढा वर, धैवताकडे (ध). रिषभावर (रे) तो रेंगाळत नाही. किशोरीताई आमोणकरांचा 'सहेला रे' हा भूप सलग आठ-दहा दिवस ऐका. दुसरं काही करू नका, फक्त त्या कुठे थांबतात तेवढं बघा. मग कुणाचाही देशकार लावा. पाचच स्वरांत घर बदललेलं तुम्हाला ऐकू येईल आणि वादी स्वर म्हणजे काय, हे पुन्हा कुणी समजवावं लागणार नाही.

तालाचंही तसंच. त्रितालातली मध्य लयीची बंदिश, म्हणजे रागात बांधलेली रचना घ्या, सोळा मात्रा बोटांवर मोजा. नवव्या मात्रेला 'खाली', म्हणजे टाळी न देण्याची जागा येते, तिथे हात उलटा करा. दोन-तीन दिवसांत बोट सुटतं आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, मान आपोआप हलते.

आता आयोजकांना आणि कलाकारांना कळकळीनं सांगतो. आज फोनवर हवं ते ध्वनिमुद्रण मिळतं, पण पुष्कळदा त्यावर रागाचं नाव नसतं किंवा चुकीचं असतं. नवा श्रोता अडतो तो इथे. आणि मैफलीत? षड्ज (सा) लावला की थेट आलापीला सुरुवात होते. जाणकार पहिल्या सुरावटीत राग ओळखतात, एकमेकांकडे बघतात आणि शेजारचा मुलगा अवघडून बसतो. त्याला विचारायची लाज वाटते. तो पुढच्या वेळी आलाच नाही, तर दोष त्याचा नाही.

कलाकारानं एक वाक्य बोलावं: हा राग, हा ताल, बंदिशीचे शब्द हे. जोडरागात कुठले दोन राग आहेत, तेही सांगावं. मंडळांनी मध्यंतरात एका फळ्यावर, अगदी खडूनं का होईना, आतापर्यंत झालेले राग, ताल आणि बंदिशींचे मुखडे, म्हणजे सुरुवातीचे शब्द, लिहावेत. आजच्या कार्यक्रमासाठी मी तसा फळा दाराशी ठेवायला सांगितला आहे. आणि जाणकारांनो, मध्यंतरात चहा घेताना शेजारच्या नव्या माणसाला आपणहून विचारा, "आत्ता झाला तो कुठला राग, कळलं का?"