तिनं लिहिलेलं वाचणार कोण?

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या महिन्यात एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. मुलगा चौदा वर्षांचा, गेली काही वर्षं घरीच शिकतोय. त्या म्हणाल्या, "आता नववी सुरू होणार. गणित आणि विज्ञान माझ्या हाताबाहेर चाललंय, म्हणून ऑनलाइन कोर्स शोधायला बसले. दोन तासांनी बघते तर कॉम्प्युटरवर सत्तावीस खिडक्या उघड्या. सगळेच चांगले दिसतात हो. तुम्ही काय बघून निवडता?"

मी म्हटलं, "मुलानं लिहिलेलं कोण वाचणार, एवढं विचारा."

पलीकडे जरा शांतता. त्यांना बहुतेक कोर्सचं नाव हवं होतं. नाव मी आजही सांगणार नाही, पण माझं ते एक वाक्य आज थोडं उलगडून सांगते. ते मला फुकट मिळालेलं नाही.

माझी मुलगी आता सोळा वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिच्यासाठी बीजगणिताचा एक कोर्स घेतला. दिसायला देखणा. छोटे छोटे व्हिडिओ, प्रत्येकाखाली पाच प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, बरोबर आलं की हिरवी खूण. चुकलं तर पुन्हा द्या, हवं तितक्या वेळा द्या. चार महिन्यांत पोरीनं वर्षाचा कोर्स संपवला, तोही नव्वदच्या वर टक्के घेऊन. मी हवेत होते.

एका संध्याकाळी सहज तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. एका आयताची लांबी रुंदीपेक्षा ४ सेंटीमीटरनं जास्त आहे, क्षेत्रफळ ९६ चौरस सेंटीमीटर. बाजू काढ. तिनं कागद उलटा करून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, "पर्याय कुठेत?"

ती चेष्टा करत नव्हती. चार महिने तिनं प्रत्येक समीकरणात चारही पर्याय घालून पाहिले होते आणि जे बसेल त्यावर खूण केली होती. ८ घातले, ८ गुणिले १२ म्हणजे ९६, झालं! यात लबाडी काही नाही, हुशारीच आहे. फक्त तिला समीकरण मांडायचं कसं हे कोणी कधी विचारलंच नव्हतं. मांडलेलं बघायला पलीकडे कोणी नव्हतंच ना.

या प्रकाराला मानसशास्त्रात चांगला आधार आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन अमेरिकन संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून, आठवेल तेवढा कोऱ्या कागदावर लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं घेतली तर चित्र उलटं. वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६. व्हिडिओ संपल्यावर लगेच येणारे पाच प्रश्न ही पहिल्या प्रकारची, पाच मिनिटांची परीक्षा. तिथे हिरवी खूण येणारच.

म्हणून आता कोणताही कोर्स दिसला की मी व्हिडिओ शेवटी बघते. आधी पत्र लिहिते आणि त्यात विचारते, एखाद्या विद्यार्थ्याचा तपासलेला पेपर, नाव झाकून, दाखवाल का? दाखवतात, किंवा टाळतात. टाळलं तरी उत्तर मिळालंच. मग पुढचं: तपासणारी व्यक्ती शिकवणारीच आहे की दुसरी कोणी? तिच्याकडे विद्यार्थी किती? कागद किती दिवसांत परत येतो? आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, परत आलेलं सुधारून पुन्हा देता येतं का? तीन आठवड्यांनी आलेला शेरा मुलं वाचत नाहीत. तोवर निबंध त्यांच्या लेखी इतिहासजमा झालेला असतो.

चांगला शेरा कसा असतो ते सांगते. पुढच्या वर्षी आम्ही इतिहासाचा एक साधासुधा कोर्स घेतला. पडद्यावर फारसं काही नाही, बाई कॅमेऱ्याकडे बघून बोलतात एवढंच. मुलीनं पहिल्या निबंधात लिहिलं होतं, "औद्योगिक क्रांतीमुळे लोकांचं जीवन सुधारलं." समासात दोन प्रश्न आले: "कोणत्या लोकांचं? कोणत्या वर्षी?" बस, तेवढंच. पोरगी आधी चिडली. मग गिरणीत काम करणाऱ्या मुलांबद्दल शोधत बसली, १८३३ च्या ब्रिटिश कारखाना कायद्यापाशी पोचली. कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला त्या कायद्यानं बंदी घातली हे वाचून म्हणाली, "म्हणजे त्याआधी ठेवत होते!" ते वाक्य तिनं तीनदा बदललं. चौथ्यांदा ते वाक्य उरलंच नाही, त्या जागी दोन परिच्छेद आले.

मी व्हिडिओंच्या विरोधात नाही हं. उलट व्हिडिओ आता मुबलक आहेत आणि उत्तम आहेत. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठानं आपलं अभ्यासाचं साहित्य सगळ्या जगाला फुकट खुलं करायचं २००१ साली जाहीर केलं. खान अकॅडमीची गोष्ट तर अनेकांना माहीत असेल. सलमान खान, म्हणजे नट नव्हे, गणित शिकवणारे, २००४ साली दूर राहणाऱ्या नात्यातल्या एका बहिणीला फोनवरून गणित समजावू लागले. व्हिडिओ नंतर आले, संस्था २००८ ची. मला यात गंमत वाटते ती अशी, की एवढ्या मोठ्या व्हिडिओसंग्रहाच्या मुळाशी "तू नेमकी कुठे अडलीस?" असं विचारणारा एक माणूस आहे. शिकवणं फुकट मिळत असेल तर फुकट घ्यावं. पैसे मोजायचे ते तपासण्याचे. सरावाची गणितं मशीननं तपासली तरी बिघडत नाही. निबंध, सिद्धता, प्रयोगाचा अहवाल मात्र माणसानं वाचावा.

आता मान्यतेकडे येते, कारण फोन करणाऱ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. "कोर्स मान्यताप्राप्त आहे ना?" मी उलट विचारते, कोणाला दाखवायचाय? मुलाला पुढे जिथे जायचंय तिथली प्रवेशाची अट आधी वाचा आणि तिथून मागे या. कुठे मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र लागतं, कुठे नुसती बाहेरची परीक्षा पुरते, कुठे आईवडिलांनी तयार केलेली गुणपत्रिकाही चालते.

क्रेडिट, म्हणजे एका विषयाचा ठरावीक अभ्यास पुरा केल्याची नोंद, या शब्दानं तर उगाच दडपण येतं. त्याचं मूळ ऐका. अमेरिकेत १९०६ च्या सुमारास कार्नेगी फाउंडेशननं कॉलेजच्या प्राध्यापकांसाठी पेन्शन सुरू केलं. पेन्शन कोणत्या कॉलेजांना द्यायचं? तर जी कॉलेजं प्रवेशासाठी हायस्कूलच्या ठरावीक तासांचं शिक्षण मागतात त्यांना. त्यातून एका विषयाचे वर्षाला साधारण १२० तास हे माप रूढ झालं. थोडक्यात, तुमच्या मुलाच्या एका क्रेडिटचं मूळ प्राध्यापकांच्या म्हातारपणाच्या सोयीत आहे. ते माप तास मोजतं. किती कळलं ते मोजायला दुसरं काहीतरी लागतं.

ते दुसरं म्हणजे बाहेरची परीक्षा. अमेरिकेच्या कॉलेज बोर्डाची एपी, म्हणजे शाळकरी वयातच द्यायची कॉलेजच्या पातळीची परीक्षा, कोर्स न करताही देता येते. १ ते ५ असे गुण, परीक्षा मे महिन्यात. पण घरी शिकणाऱ्या मुलासाठी परीक्षा घ्यायला तयार असलेली शाळा आधीच्या वर्षीच्या नोव्हेंबरपूर्वी गाठावी लागते, आणि इथेच पुष्कळ आईबाप चुकतात. कोर्सच्या नावात एपी हा शब्द मात्र अभ्यासक्रम बोर्डानं तपासून मंजूर केल्यावरच वापरता येतो. स्वतः आखलेला अभ्यासक्रम पालकही मंजुरीला पाठवू शकतात. केंब्रिजच्या आयजीसीएसईला, म्हणजे साधारण दहावीच्या पातळीच्या परीक्षेला, खाजगी उमेदवार म्हणून बसता येतं, आणि विज्ञानात प्रयोगशाळेतल्या परीक्षेऐवजी प्रयोगांवरचा लेखी पेपर घेता येतो. त्यापुढच्या, बारावीच्या पातळीच्या ए लेव्हलला ही सवलत नाही, तिथे खरीखुरी प्रयोगाची परीक्षा असते आणि ती घेणारं केंद्र शोधायला लागतं. ज्या मुलाला भौतिकशास्त्र पुढे न्यायचंय त्याच्या आईनं ही गोष्ट नववीतच वहीत लिहून ठेवावी.

प्रयोगांचं निघालंच आहे तर जरा थांबते. ऑनलाइन विज्ञानाची दुखरी बाजू हीच. आभासी प्रयोग सुंदर असतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट प्रकल्प २००२ पासून ते फुकट देतो, नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी सुरू केलेला. आमच्याकडे तो रोज वापरला जातो. पण पडद्यावरचा लंबक कधी चुकत नाही, हीच अडचण आहे.

एकदा मुलीनं दाराच्या चौकटीला दोरा बांधून त्याला एक जड कुलूप लटकवलं. दोऱ्याची लांबी बरोबर १ मीटर. दहा आंदोलनांना पुस्तकाप्रमाणे २० सेकंद आणि वर किंचित काही लागायला हवेत. लागले २०.७. पुन्हा मोजले, पुन्हा तेच. त्यावरून गुरुत्वत्वरण काढलं तर ९.२१ आलं, हवं होतं ९.८. रात्री उशिरापर्यंत फोनच्या घड्याळाला दोष देऊन झाला. दुसऱ्या दिवशी दात घासताना तोंडात फेस तसाच ठेवून धावत आली. लांबी गाठीपर्यंत मोजली होती, कुलपाच्या मध्यापर्यंत नाही! तिथे आणखी ६ सेंटीमीटर होते. १.०६ घालून गणित केलं आणि ९.८ आलं. हे तिनं अहवालात चुकीसकट लिहिलं. कोर्सच्या सरांनी त्यावर एकच ओळ लिहिली होती, "चूक खोडली नाहीस हे छान केलंस." विज्ञानाचा कोर्स बघताना मी म्हणूनच विचारते, मूल हातानं काही मोजणार आहे का, आणि आकडा चुकला तर त्याचं पुढे काय होतं?

बाकीचं भराभर सांगते. लाइव्ह वर्ग की रेकॉर्ड केलेले? ज्याला वेळेचं बंधन लागतं त्याला लाइव्ह, आणि वर्ग दुसऱ्या देशातून होत असेल तर वेळ आपल्या घड्याळात मांडून बघा, रात्री अडीचला निघतो कधीकधी. मोठ्या मोफत कोर्सांत नाव घालणाऱ्या शंभरांतले अनेकदा दहाही शेवट गाठत नाहीत, तेव्हा आपलं मूल आळशी निघालं असं वाटून घेऊ नका, पण एकट्यावर सोडूही नका. पहिल्या वर्षी दोनच कोर्स घ्या. पैसे कोणत्या तारखेपर्यंत परत मिळतात ते भरण्याआधी वाचा. कोर्सबाहेर समवयस्क मुलं भेटतील अशी सोय मात्र आपल्यालाच करायला लागते, ती कोणताही कोर्स देत नाही, कितीही छापलं तरी.

आणि निवड करायला मूल शेजारी हवं. समोर नको, शेजारी. गेल्या आठवड्यात रसायनशास्त्राचा कोर्स बघत होतो. मला एक फारच आवडला होता. मोठं नाव, सुरेख चित्रं. मुलीनं नमुन्याचा तास लावला, अकरा मिनिटं पाहिला, बंद केला आणि म्हणाली, "आई, हा माणूस स्वतःशीच बोलतोय."

मग तिनंच तीन कोर्सना पत्र लिहिलं, माझ्या नावानं नाही, स्वतःच्या. प्रश्न एकच: पाण्यात मीठ विरघळतं तेव्हा ते रासायनिक बदल समजायचं की भौतिक, पुस्तकं वेगवेगळं सांगतात. दोन ठिकाणांहून मिनिटाभरात उत्तर आलं की आपला संदेश मिळाला, आमच्या योजना पुढीलप्रमाणे. तिसऱ्या ठिकाणाहून दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी एका बाईंचं पत्र आलं. त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. विचारलं होतं, "पाणी पूर्ण आटवलंस तर खाली काय उरेल? आणि विरघळलेलं असताना ते तिथे त्याच रूपात होतं का? तुला काय वाटतं ते कारणासकट लिहून पाठव."

जेवायला हाक मारली तर आलीच नाही. गॅसवर छोटं पातेलं होतं, तळाशी पांढरा थर धरत होता, आणि ही ओट्यालाच वही टेकवून लिहीत उभी होती. कोर्सचं नाव काय ते मी तिला नंतर विचारलं.

नमस्कार.