अकरा वीसला काय करत होतात?

श्रोतेहो, नमस्कार. लायसन्सच्या नूतनीकरणाला लागणाऱ्या फॉर्म १-एवर सही करणं हे माझ्यासारख्या साध्या फॅमिली डॉक्टरचं नेहमीचं काम. चाळिशीनंतर हा दाखला लागतो, आणि ५५ उलटली की लायसन्स मिळतं ५ वर्षांपुरतंच. त्यात मला काय विचारतात? लाल-हिरवा ओळखतात का, २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचतात का, ऐकू येतं का, रातांधळेपणा आहे का. हृदयाचं नाव नाही. चक्कर येते का, शुद्ध हरपते का, हा प्रश्न आहे, पण अर्जदाराच्या स्वतःच्या घोषणापत्रात. तिथं ‘नाही’वर खूण करायला कितीसा वेळ लागतो!

मागे एक काका आले. वय ७१, उभी हयात एसटी चालवण्यात गेलेली. खूण ‘नाही’वरच. शेजारून काकू म्हणाल्या, “अहो, परवा पेट्रोल पंपावर काय झालं ते सांगा की डॉक्टरांना.”

“ऊन लागलं होतं,” काका म्हणाले.

ईसीजी अगदी स्वच्छ आला. पण ती पट्टी म्हणजे जेमतेम १० सेकंद. हृदय दिवसाला लाखभर वेळा धडधडतं; त्यातले दहा-बारा ठोके पाहून मी काय सांगणार? म्हणून होल्टर लावला, म्हणजे दिवसभर हृदयाचे ठोके नोंदवत राहणारं यंत्र. अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांचं सुरुवातीचं यंत्र पाठीवर वाहावं लागे, वजन ३८ किलोंच्या आसपास! आता छातीवर चिकटपट्ट्या, कमरेला डबी, २४ तास अंघोळ नाही. सोबत एक वही: किती वाजता काय करत होतो, काय वाटलं. निम्मी तपासणी त्या वहीतच असते.

रिपोर्टमध्ये सकाळी ११.२०ला ४ सेकंद सरळ रेघ, म्हणजे तेवढा वेळ हृदय थांबलेलं. वहीत त्या वेळेसमोर काकांचं अक्षर: ‘शेंगा सोलत होतो. डोळ्यांपुढे अंधारी.’ ताशी ६०च्या वेगानं ४ सेकंदांत गाडी ६५ मीटरांहून पुढे जाते.

मग सगळ्याच म्हाताऱ्यांना आरटीओच्या दारात होल्टर बांधायचा? मला नाही पटत. हृदय नेमकं त्याच दिवशी थांबेल असं थोडंच आहे? आणि स्वच्छ रिपोर्ट हाती आला की माणूस उलट बेफिकीर होतो. शिवाय अंधारीमागे कधी बीपीची गोळी असते, कधी उतरलेली साखर. मला काकूंची साक्ष जास्त भरवशाची वाटते.

काकांना पेसमेकर बसला. परवा तोच फॉर्म घेऊन पुन्हा आले. या खेपेला खूण ‘होय’वर. हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी येईपर्यंत मी सही राखून ठेवलीय. काका चिडलेत. गाडीची किल्ली काकूंच्या कमरेला आहे.